सुलटी बाजू

११ फेब्रुवारी

टिल्लू,

तुझ्या वकिलाचं पत्र पोचलं. पोस्टमनने सही घेतली आणि म्हणाला, "काय जाड कागद आहे, ताई! लग्नाचं आमंत्रण की काय?" मी म्हटलं, "माझ्या भावाने पाठवलंय," आणि दार लावून घेतलं.

पत्र तुझ्या भाऊजींच्या नावाने होतं. ते वर्कशॉपमध्ये होते, म्हणून मी फोडलं. "ग्रंथालयाच्या छपरातील रस्त्याकडील पाकळीचा बाक (वक्रता) आराखड्याबरहुकूम नसल्याने तीवर पडणारा सूर्यप्रकाश एकवटून रस्त्यावर आला व अपघात घडला. सबब, हा दोष सर्वस्वी पत्रेकाम करणाऱ्या कंत्राटदाराचा आहे." मी हे आधी उभ्याने वाचलं, मग बसून वाचलं. कंत्राटदार म्हणे! माझ्या लग्नात ज्याच्या मांडीवर तू झोपून गेलास आणि ज्याच्या नव्या कोटावर लाळ गाळलीस, तो तुझा कंत्राटदार. भाऊजी लिहायची लाज वाटत होती तर निदान नाव तरी लिहायचं होतंस.

अपघात तू पाहिला नाहीस, तेव्हा ऐक. उन्हं उतरायला लागली की ती रस्त्याकडची पाकळी पेटते. समोर डोळे उघडून बघवत नाही. वळणावरचे दुकानदार त्या वेळेला काचांवर जुन्या चादरी टाकून आत बसतात. त्या दिवशी बस वळली, चालकाने डोळ्यांवर हात धरला आणि बस सरळ बेकरीत घुसली. बेकरीवाली दारात उभी राहून वरचं कापडी छप्पर गुंडाळत होती. तिचा पाय गुडघ्याखाली चेंगरला. पाय वाचेल, पण पूर्वीसारखं उभं राहता येणार नाही, असं डॉक्टर म्हणतात. त्या बाईने सगळा जन्म उभं राहून पाव विकले आहेत. हे तिला सांगायची वेळ माझ्यावर आली नाही, एवढंच माझं नशीब.

आणि तू काय केलंस? दवाखान्यात फोन नाही, विचारपूस नाही. आधी वकील. चौकशी समिती बसायच्या आतच दुसऱ्याकडे बोट दाखवून मोकळा झालास. चोराच्या उलट्या बोंबा म्हणतात त्या ह्याच.

सरकारी कामं बंद झाली तर आमच्या वर्कशॉपला कुलूप लागेल, हे तुला चांगलं ठाऊक आहे. कारण बाकीची गिऱ्हाइकं सोडून तू आखलेल्या या छपराचं काम घ्यायला तूच लावलं होतंस. "घरचा माणूस असला की मला घोर नाही," हे तुझेच शब्द. तुला घोर राहिला नाही, तो सगळा आमच्या वाट्याला आला.

इथे ये. संध्याकाळी या वळणावर उभा राहा. मग लिही काय लिहायचं ते.

ताई


१९ फेब्रुवारी

टिल्लू,

उत्तर नाही. ठीक. मग माझंच ऐक.

वकिलाचं पत्र वाचून हे घर डोक्यावर घेतील, असं मला वाटलं होतं. साधा खिळा वाकला तरी पलीकडच्या गल्लीला ऐकू जाईल असा ओरडणारा माणूस! पण हे चक्क हसले. म्हणाले, "मेहुण्याचा काहीतरी घोटाळा झालाय. थांब, दाखवतोच त्याला." आणि बाक तपासायचा लाकडी साचा, तुझ्याच कार्यालयाने पाठवलेला, खांद्यावर टाकून शिडीवर चढले. खाली सगळा रस्ता गोळा झाला. साचा पाकळीच्या पोटाला लावला तर तसूभर फट राहिली नाही. "बघा, बघा, टोपीसारखा बसला!" असं वरून ओरडले. खाली उतरले तेव्हा मात्र हसत नव्हते. साचा बसला, म्हणजे घोटाळा नाही. मेहुणा जाणूनबुजून खोटं लिहितोय, हे शिडी उतरता उतरता त्यांच्या ध्यानात आलं असणार.

बाक चुकलेला नाही रे. बाजू चुकली आहे. आणि ती का चुकली, हे आता जगात दोघांनाच कळतं. तुला आणि मला.

तुला सोयीने विसरायला झालं असेल, म्हणून सांगते. पत्र्याला दोन अंगं असतात, एक चकचकीत आणि एक मंद. झाडून सगळे पत्रेवाले चकचकीत अंगाला सुलटी म्हणतात. एकट्या आपल्या बाबांच्या दुकानात मंद बाजू ही सुलटी होती. डबा असो, बादली असो, चकाकी आत आणि मंद बाजू बाहेर. "हात लागतो ती सुलटी. चकाकी मालाला दाखवायची, माणसाच्या डोळ्यांत घालायची नाही," असं म्हणायचे. शेजारचे दुकानदार त्यांना वेडा म्हणत, पण त्यांच्या डब्यावर ओरखडा कधी दिसला नाही. आपण दोघं त्या दुकानात मोठे झालो, त्यामुळे आपल्याला जगाची सुलटी माहीतच नव्हती. वह्यांना कव्हरं घालतानासुद्धा तू ब्राउन पेपरची गुळगुळीत बाजू आत घातलीस आणि वर्गात बाईंशी भांडलास की हीच सुलटी आहे. मार खाल्लास, पण कव्हर बदललं नाहीस. तेव्हा तुला कणा होता.

छपराच्या आराखड्यावर समासात तू स्वतःच्या हाताने लिहिलंस, "सुलटी बाजू बाहेर." ते मोठ्या शहरातल्या वास्तुविशारदाने लिहिलेलं नव्हतं, बाबांच्या मुलाने लिहिलं होतं. पण वाचणारा बाबांचा जावई होता. तो दुसऱ्याच वर्कशॉपमध्ये शिकलेला. तरी यांनी तुला फोन करून विचारलं होतं, हे मला आत्ता कळलं. तू काय म्हणालास? "भाऊजी, पत्र्यातलं उलटं-सुलटं आता मी तुम्हाला शिकवू का?" झालं! यांची कॉलर ताठ झाली आणि जगाची सुलटी बाहेर आली. शेवटपर्यंत पत्र्यांवर तो निळा प्लास्टिकचा कागद चिकटवलेला होता, म्हणून खालून कोणालाच काही कळलं नाही.

तू मला पहिला नमुना दाखवलास तो दिवस मला आठवतो. बाबांच्या दुकानातल्या उरल्यासुरल्या पत्र्याचाच केला होतास. पारव्याच्या पाठीसारखा करडा. रंधा मारताना लाकडाची सालपटं कशी वळतात, तशा त्या पाकळ्या एकमेकींवर रेललेल्या. मला त्यातलं काही कळत नाही, पण मला तो हातात धरून ठेवावासा वाटला होता. तुझं ते छप्पर कधी झालंच नाही, टिल्लू. झालं ते भलतंच, आणि त्याने एका बाईचा पाय घेतला.

ताई


३ मार्च

टिल्लू,

काल तुझा फोन आला. आधी माझ्या गुडघ्यांची चौकशी केलीस. किती प्रेमाने! मग घसा खाकरून म्हणालास, "ताई, हा व्यवसायातला प्रश्न आहे. तू यात पडू नकोस." मी पडले नाही रे, मला ढकललंय. ज्या माणसाच्या नावाने नोटीस येते, तो माझ्याच ताटाशेजारी जेवायला बसतो.

मी एवढंच म्हटलं की समितीसमोर सांग, सुलटी म्हणजे तुला मंद बाजू म्हणायची होती. त्यावर तू म्हणालास, "बाबांचे शब्द बाबांबरोबर गेले, ताई."

मी फोन आपटला. मी भांडी घासली, आणि ती घासून झाल्यावर तीच पुन्हा घासली. बाबांचे शब्द गेले म्हणजे मी कोण? मी काय दुकानाबरोबर विकली गेले? आई असती तर तिने तुझा कान धरून तुला इथवर फरपटत आणलं असतं.

तुझी अडचण मला कळत नाही असं समजू नकोस. तू जगाला सांगून बसला आहेस. "मला सूर्य या शहरात उतरवायचा होता." वर्तमानपत्रात केवढ्या अक्षरांत छापून आलं होतं! खाली तुझा फोटो, हनुवटीला बोट. त्यानंतर व्याख्यानं, बक्षिसं आणि ते उत्तर-आधुनिक की काय ते. आम्हीही आलो होतो की तुझ्या एका व्याख्यानाला. ग्रंथालयाच्या दाराशी ते जाडजूड गुलाबी खांब आहेत, ज्यांच्यावर काहीही टेकलेलं नाही, ते कशाला आहेत, असं यांनी तुला भर सभेत विचारलं. तू म्हणालास, "ती इतिहासाची थट्टा आहे." हे म्हणाले, "थट्टेला सिमेंट बरंच लागलं." सगळं सभागृह हसलं आणि तू पण हसलास. तेव्हा तुला या माणसाची लाज वाटत नव्हती.

पण उद्घाटनाच्या सकाळचं मी विसरलेले नाही. निळा कागद सोलायला सुरुवात झाली, पहिली पाकळी उघडी पडली आणि लख्ख झाली. लोकांनी टाळ्या पिटल्या. तू पांढराफटक पडलास. मी तुझ्या शेजारीच उभी होते. मी तुझ्या कानात म्हटलं, "अरे, ही तर उलटी लागली!" तू माझा हात असा दाबलास की बांगडी रुतली. "गप्प बस, ताई. लोकांना आवडलंय."

मी गप्प बसले, कारण तो तुझा दिवस होता. हेही तिकडे उभे राहून ज्याला त्याला सांगत होते, "आमच्या वर्कशॉपचं काम आहे, आरशात बघून भांग पाडा!" त्यांना ती चकाकी मनापासून आवडली होती. आजही आवडते. त्यांना तिथे काही चुकलंय हे ठाऊकच नव्हतं. तुला त्याच क्षणी ठाऊक झालं होतं.

तेव्हा मला व्यवसाय शिकवू नकोस. नाचता येईना अंगण वाकडं, हे मी ऐकलं होतं. अंगण स्वतःच आखायचं, सारवणाऱ्याला शाबासकी द्यायची, आणि पाय घसरला की अंगण त्याने वाकडं केलं म्हणायचं, ही तऱ्हा मात्र तुझ्यापासून सुरू झाली.

ताई


१६ मार्च

टिल्लू,

परवा सुनावणी. हे आरशासमोर उभे राहून बोलायची तालीम करतात. "माननीय अध्यक्ष महोदय" इथपर्यंत छान जमतं, पुढे शिव्या येतात. मी इस्त्री करता करता ऐकते. मध्येच थांबून मला विचारतात, "अगं, तो येईल ना? समोर बसल्यावर त्याच्या तोंडून खोटं निघायचं नाही बघ. लहानपणापासून ओळखतो मी त्याला." या माणसाला तुझ्यावर अजून भरवसा आहे. मला त्याचाच जास्त राग येतो.

बेकरीवाली दवाखान्यातून घरी आली. खुर्चीत बसून पाव विकते. मी गेले की म्हणते, "तुझ्या घरच्यांचं काही बरं होऊ दे बाई." तिला माझ्या नवऱ्यावर राग धरायचा हक्क आहे, पण ती धरत नाही. सगळा राग मलाच एकटीला आलाय, असं वाटायला लागलं आहे.

मी तुझ्याशी नीट बोलायचा प्रयत्न करते. माझं मागणं मोठं नाही. "आमच्या घरात मंद बाजूला सुलटी म्हणत, मी तसं लिहिलं, भाऊजींनी रिवाजाप्रमाणे वाचलं." एवढं बोल आणि खाली बस. यात भाऊजींची चूक नाही. खरं सांगायचं तर इथवर तुझीही फारशी नाही. बाबांच्या विक्षिप्तपणाची असेल तर असेल, त्यांना मी वर गेल्यावर विचारीन. बघूनही तू गप्प राहिलास, ती चूक तुझी. पण ती मी समितीसमोर मागत नाही. ती तुझी तू सांभाळ.

दोन बक्षिसं परत करावी लागतील, चार लोक हसतील. हसू देत. आपल्या बाबांना सगळी पेठ हसायची आणि ते शीळ घालत डबे ठोकत बसायचे.

ये, आणि खरं बोल. जेवायला घरी ये. मी राग धरणार नाही असं मी म्हणत नाही, पण पान मांडीन.

ताई


१९ मार्च

माननीय वास्तुविशारद साहेबांस,

आपण काल फार सुंदर बोललात. आवाज कुठेही कापला नाही. सूट चांगला होता.

अध्यक्षांनी आराखडा पुढे धरला आणि विचारलं, "ही समासातली सूचना आपलीच ना? सुलटी बाजू म्हणजे कोणती?" आपण म्हणालात, "चकचकीत. सगळ्या पत्रेकामात तोच अर्थ आहे." त्यांनी विचारलं, "आपल्या घरी याचा काही वेगळा अर्थ होता, असं तुमच्या भगिनींचं म्हणणं आहे." आपण पाण्याचा पेला उचललात, एक घोट घेतलात, आणि म्हणालात, "मला तसं काही आठवत नाही. वडिलांच्या दुकानात मी फारसा जात नसे."

फारसा जात नसे!

मी उठून उभी राहिले. मला बसायला सांगितलं, मी बसले नाही. मग अध्यक्षांनी कंटाळून बोलू दिलं. मी डब्यांचं सांगितलं, वह्यांच्या कव्हरांचं सांगितलं. मागच्या बाकावर कोणीतरी हसलं. अध्यक्ष माणूस बरा होता, त्याने समजुतीने विचारलं, "बाई, घरातल्या शब्दाला पुरावा काय देणार?" मी आपल्याकडे हात केला. म्हटलं, "हा काय, इथे बसलाय पुरावा. सूट घालून." आपण पेल्यात बघत राहिलात. मी खूप वेळ हात तसाच धरून उभी होते. आपण वर बघितलं नाहीत.

मग आपण शपथेवर ते वाक्य म्हणालात. अध्यक्षांनी लिहून घेतलं आणि वाचूनही दाखवलं, आपण मान डोलावलीत. "चकचकीत पृष्ठभाग हीच माझी मूळ कल्पना होती. मंद पृष्ठभागाचा विचार मी कधीही केलेला नाही. दोष फक्त बाकाचा आहे." साच्याचं काय, असं यांनी विचारलं, तर आपले वकील म्हणाले की पत्रा उन्हात तापला की सरकत असेल, ठोकाठोकी नीट नसेल. काय वाटेल ते! वड्याचं तेल वांग्यावर काढायचं ठरलं की कोणतंही वांगं चालतं.

यांनी तालीम केलेली सगळी वाक्यं गिळली. शेवटी एकच बोलले. "मी बाक बरोबर दिला होता. आणि मला चकाकी आवडली होती, ते मी नाकारणार नाही." बाहेर आल्यावर मी यांच्यावर ओरडले की हे सांगायची काय गरज होती! तर म्हणतात, "अगं, खरंच आवडली होती. खोटं कशाला बोलू?" मग चहा घेऊन आले. दोन्ही कप हातात धरून ते तिथे रस्त्यावर रडले. हे मी तुम्हाला मुद्दाम सांगते आहे. तुम्ही गाडीत बसून निघून गेला होतात, तेव्हा तुम्हाला दिसलं नसेल.

समितीने ठरवलं आहे की दोष वर्कशॉपचा. यापुढे सरकारी काम बंद. रस्त्याकडच्या पाकळीची चकाकी वर्कशॉपने स्वखर्चाने घालवावी.

नवऱ्याचं जे झालं ते झालं, साहेब. पण माझा बाप तुम्ही भर सभेत नाकारलात. मी तुम्हाला कडेवर घेऊन त्या दुकानात फिरवत असे. तुमच्या पायांना पत्र्याचे तुकडे लागू नयेत म्हणून मी तुम्हाला खाली ठेवत नसे. तेव्हा एका अर्थी आपण खरंच बोललात. आपण जात नव्हतात, मी नेत होते.

आपली कोणी नाही


२७ मे

टिल्लू,

हे पत्र लिहायचं नव्हतं. पण ग्रंथालयाच्या बाई काल येऊन गेल्या, म्हणून लिहावं लागतंय.

वर्कशॉपमधली बरीच माणसं दुसरीकडे गेली. त्यांना पोटं आहेत. दोन जुने कारागीर राहिले, हे राहिले आणि मी. हुकूम एकाच पाकळीचा होता. हे म्हणाले, "एक मंद आणि बाकीच्या झगझगीत? हसताना किडका दात दिसावा तसं दिसेल. सगळ्या घासायच्या." मी म्हटलं, "कोणासाठी? त्याच्यासाठी?" तर म्हणाले, "काम वाईट दिसेल गं." मी पदर खोचला आणि बांबूच्या परांचीवर चढले. माझ्या ज्या गुडघ्यांची तू एवढी काळजी करतोस, ते चढतात.

काम सोपं नाही. खरखरीत घासणी घेऊन वरून खाली, एकाच दिशेने हात न्यायचा. हात जरा तिरका गेला की ओरखडा उठतो आणि मग तेवढा भाग पहिल्यापासून. पहिले काही दिवस मी प्रत्येक हाताला तुला शिव्या देत होते. मोठ्याने. बेकरीवाली खालून खुर्चीतून ऐकायची आणि एखादी माझ्या ध्यानात नसलेली पुरवायची. नंतर शिव्या संपल्या, घासणं संपलं नव्हतं.

गेल्या आठवड्यात शेवटची पाकळी झाली. हे बराच वेळ खाली उभे राहून बघत होते. म्हणाले, "आपण मूर्ख होतो गं. आरसा लावून बसलो होतो." यांच्या तोंडून एवढी कबुली मी लग्नानंतर पहिल्यांदाच ऐकली.

सुंदर झालं आहे, टिल्लू. हे लिहिताना माझ्या अंगाचा तिळपापड होतोय, पण खोटं लिहिणार नाही. सकाळी ते छप्पर निळसर दिसतं, दुपारी राखाडी, आणि संध्याकाळी ऊन त्याच्यावर टेकतं ते हळूहळू विझेपर्यंत तिथेच असतं. वळणावरच्या काचांवरच्या चादरी निघाल्या. बस वळते आणि चालक छपराकडे मान वर करून बघतो. तू जे मनात धरलं होतंस ते हेच. ज्याला तू बुडवलंस, त्यानेच ते घासून बाहेर काढलं.

शेवटची पाकळी झाली त्या संध्याकाळी तू आला होतास, हे मला माहीत आहे. समोरच्या फुटपाथवर टोपी डोळ्यांवर ओढून उभा होतास. टोपीने काय होतं? तू एका पायावर भार देऊन उभा राहतोस ते मला मैलावरून ओळखू येईल. मी परांचीवर सामान आवरत होते. तू बराच वेळ तोंडावर हात धरून उभा होतास, आणि डोळे दिपण्यासारखं तर आता तिथे काही उरलेलं नाही. "टिल्लू, वर ये" हे माझ्या जिभेवर आलं होतं. तेवढ्यात तू वळलास आणि गेलास. त्या रात्री मला वाटलं, आता हा जाईल समितीकडे. बघितलं आहे त्याने, आता त्याला राहवणार नाही. मी यांना तसं बोलूनही दाखवलं. मीही शेवटी यांच्यासारखीच मूर्ख.

काल बाई आल्या. अपघातानंतर बंद ठेवलेलं ग्रंथालय पुन्हा उघडायचं आहे, त्याची पत्रिका छापायची आहे. संकोचत म्हणाल्या, "तुमच्या भावाच्या कार्यालयातून कळवलंय की छपराची मूळ कल्पना अशीच मंद होती. 'वास्तुविशारदाच्या मूळ कल्पनेनुसार आता पूर्ण झालेले छप्पर' असं छापा म्हणतात. काम तुम्ही केलंत, म्हणून म्हटलं आधी तुम्हाला विचारावं."

आठवलं तर तुला! समितीसमोर आठवलं नाही, फोनवर आठवलं नाही. नवरा माझा रस्त्यावर रडला तेव्हा आठवलं नाही. छप्पर सुंदर दिसल्यावर आठवलं.

मी बाईंना बसवलं. समितीकडून आलेली जबानीची प्रत आणली आणि तुझं वाक्य वाचून दाखवलं. "मंद पृष्ठभागाचा विचार मी कधीही केलेला नाही." शपथेवर, खाली तुझी सही. बाईंनी ते स्वतः एकदा वाचलं. मग पर्समधून पेन काढलं आणि मसुद्यातलं तुझं नाव खोडलं.

तेव्हा आता नीट समजून घे. चकचकीत छप्पर तुझं होतं, ते आम्ही घासून टाकलं. हे मंद छप्पर तुझं नाही, तसं तूच सांगितलं आहेस. जन्मभर कितीही छपरं कर, तुझ्या मनातलं एकच होतं आणि ते इथे आमच्या वळणावर उभं आहे. त्याच्यावर हक्क सांगायचा तर आधी ते वाक्य मागे घ्यावं लागेल, आणि ते मागे घेतलंस की यांच्यावरचा ठपका उडतो. एकाशिवाय दुसरं मिळणार नाही. हे मी रचलेलं नाही, तू रचलंस.

पत्रिका सोमवारी छापायला जाणार आहे. समितीचं कार्यालय रोज सकाळी उघडतं, जिना चढल्यावर डाव्या हाताला. तुला माहीतच आहे.

ताई